ॲनिमल हाउसमधल्या मामांना आभारपत्र

आदरणीय मामा,

सप्रेम नमस्कार.

माझा प्रबंध गेल्या आठवड्यात विद्यापीठात सादर झाला. ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख आहे, परंतु तिथे एका माणसाच्या वाट्याला एकच ओळ येते आणि तुम्ही केलेल्या मदतीला ती पुरत नाही. शिवाय ती मदत नेमकी कोणती होती, हे ॲनिमल हाउसच्या, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या जागेच्या, बाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

दीर्घकाळच्या थंडीने आणि उष्म्याने उंदरांच्या शरीरातील मेद कसा बदलतो, हा माझा विषय. त्यासाठी मी तीन गट केले होते : ४ अंश सेल्सिअसचा थंड गट, ३० अंशांचा उष्ण गट, आणि नेहमीच्या २२ अंशांत ठेवलेला ‘सामान्य’ गट, ज्याच्याशी उरलेल्या दोघांची तुलना करायची होती. पहिल्याच महिन्यात पिंजऱ्यांतला भुसा बदलताना तुम्ही मला थांबवून म्हणालात, “ताई, ही मधल्या कपाटातली उंदरंसुद्धा गारठलेलीच आहेत. उबेतली बघा कशी पसरून झोपतात.” मी पाहिले. ३० अंशांतले उंदीर एकमेकांपासून दूर, पोट टेकवून, शेपटी सैल सोडून निजले होते. २२ अंशांतल्यांनी मात्र कापूस ओढून घरटे केले होते आणि त्यात एकावर एक दाटीने बसले होते.

तुमचे निरीक्षण अगदी बरोबर होते. २२ अंशांत माणूस साध्या कपड्यांत सुखाने बसतो, पण उंदराचे शरीर इतके लहान की वजनाच्या मानाने त्याची त्वचा फार मोठी असते आणि तिच्यातून उष्णता सतत निसटत राहते. शरीर उबदार राखण्यासाठी त्याला वेगळा खर्च करावा लागत नाही असे तापमान साधारण ३० अंशांच्या आसपास असते. म्हणजे ज्याला मी सामान्य म्हणत होते, तो गट आयुष्यभर सौम्य थंडीत राहत होता.

हे किती महत्त्वाचे आहे, ते १९९७ आणि २००९ सालच्या दोन शोधनिबंधांतून मला उमगले. शरीराला ऊब देणाऱ्या तपकिरी मेदात यूसीपी-१ नावाचे एक प्रथिन असते. पेशीतल्या तंतुकणिका अन्नातली ऊर्जा एरवी साठवणीच्या रूपात बांधतात. हे प्रथिन ती बांधणी मोडून ऊर्जा थेट उष्णतेच्या रूपात सोडते. हे प्रथिन नसलेले उंदीर १९९७ मध्ये प्रथम अभ्यासले गेले, तेव्हा ते थंडी सोसू शकले नाहीत, परंतु अपेक्षा होती तसे लठ्ठ मात्र झाले नाहीत. अनेकांना वाटले की मेद साठण्याशी या प्रथिनाचा विशेष संबंध नसावा. २००९ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी तसेच उंदीर ३० अंशांच्या उबेत ठेवले आणि तिथे ते लठ्ठ झाले. प्रयोगशाळेच्या नेहमीच्या गारव्यानेच तो परिणाम बारा वर्षे झाकून ठेवला होता. मामा, तुम्ही हे निबंध वाचलेले नव्हते, तरी त्यांचे मर्म तुम्ही पिंजऱ्यात पाहून सांगितलेत.

त्यानंतर २२ अंशांच्या गटाला मी ‘सौम्य थंडी’ असे नाव दिले आणि तुलनेचा पाया ३० अंशांवर नेला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या मेदाच्या सगळ्या स्लाइड मग नव्याने बोलू लागल्या. ४ अंशांत काही आठवडे राहिलेल्या उंदरांच्या खांद्यांच्या फऱ्यांमधला मेद गडद तपकिरी होता. पेशीत स्निग्धाचे बारीक बारीक थेंब आणि भोवती तंतुकणिकांची गर्दी. (१५५१ मध्ये निसर्ग-अभ्यासक कॉनराड गेस्नर यांनी मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या शरीरात हाच पदार्थ पाहिला आणि त्याला ना चरबी, ना मांस असे म्हटले, स्लाइड पाहताना मला ते वर्णन वारंवार आठवले.) सुरुवातीला हे उंदीर थरथरून ऊब मिळवतात. पुढे अनुकंपी (आपोआप काम करणाऱ्या) चेतातंतूंमधून येणारे नॉरॲड्रिनॅलिन हे संदेशवाहक रसायन या मेदाला वाढवते, कामाला लावते, आणि थरथर कमी होते. जांघेजवळच्या पांढऱ्या मेदातही तपकिरीसारख्या पेशींची बेटे दिसू लागतात.

उबेत याच्या उलट घडते. तेथील तपकिरी मेद फिकट होतो, बारीक थेंब एकत्र येऊन पेशीभर एकच मोठा थेंब होतो आणि यूसीपी-१ घटते. मात्र उबेतला उंदीर लठ्ठच होतो असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण तो खातोही कमी. ४ अंशांतला उंदीर ३० अंशांतल्याच्या दुप्पट ते तिप्पट खातो, त्यामुळे एवढी ऊर्जा जाळूनही त्याचा साठा आपण समजतो तितका रिकामा होत नाही. नुसते वजन पाहून यातले काहीच कळत नाही. किती खाल्ले, हे रोज मोजावेच लागते.

आणि ते तुम्ही मोजलेत. दररोज संध्याकाळी उरलेल्या खाद्याच्या गोळ्या, भुशात सांडलेले तुकडेसुद्धा वेचून, तुम्ही तराजूवर ठेवलेत आणि वहीत लिहिलेत; दिवाळीच्या सुट्टीतही एक रकाना रिकामा राहिला नाही. उबेतल्या उंदरांना एकदम ४ अंशांत नेऊ नये, आधी काही दिवस १८ अंशांत ठेवावे, हे ठरल्यावर पिंजऱ्यांची प्रत्येक हलवाहलव तुम्ही स्वतः उभे राहून केलीत. मे महिन्यातल्या त्या रात्री वीज गेली आणि थंड खोली तापू लागली, तेव्हा तुम्ही घरून परत आलात आणि बर्फाच्या लाद्या लावून पहाटेपर्यंत तापमान लिहीत बसलात. त्या रात्रीचे आकडे प्रबंधाच्या परिशिष्टात जसेच्या तसे छापले आहेत.

तुमच्या दोन्ही वह्या माझ्याकडे जपून ठेवल्या आहेत. निवृत्तीनंतर तुम्ही गावी गेलात, म्हणून त्या पोस्टाने न पाठवता मी स्वतः घेऊन येणार आहे. सोबत प्रबंधाची एक प्रत आणि तीन स्लाइडची मोठी छायाचित्रे आणीन. त्यांपैकी मधले छायाचित्र तुम्ही आवर्जून पाहावे अशी माझी इच्छा आहे. त्याच्याखाली आता ‘सामान्य’ हा शब्द नाही.

आपली ऋणी,
तुमची ताई