फ्री रॅडिकल्स आणि 1 मिलिमीटरचा कृमी

संपादक साहेब,

हल्ली दादरला कुठल्याही केमिस्टकडे जा, काउंटरवरच अँटीऑक्सिडंटच्या गोळ्या, आणि आरोग्य पुरवण्यांमध्येही तेच, की फ्री रॅडिकल्समुळे (शरीरात तयार होणाऱ्या, पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंमुळे) म्हातारपण येतं, ते मारले की झालं. अमेरिकन शास्त्रज्ञ डेनहॅम हार्मननी 1956 मध्ये ही थिअरी मांडली तेव्हा ती पटण्यासारखीच होती. पण नंतर सी. एलिगन्स या सूत्रकृमीवर जे प्रयोग झाले त्यावर कोणी का लिहित नाही?

जेमतेम 1 मिलिमीटरचा, पारदर्शक, 2-3 आठवडे जगणारा जीव, त्यामुळे चमकणारं प्रोटीन घालून रॅडिकल्समुळे होणारं ऑक्सिडेशन कुठल्या पेशीत वाढतंय ते जिवंतपणीच मायक्रोस्कोपखाली दिसतं आणि अख्खं आयुष्य महिन्याभरात मोजून होतं. सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल साफ करणाऱ्या एसओडी एन्झाइम्सचे पाचही जीन काढले तरी कृमी नेहमीइतकेच जगले (बाहेरून ताण दिला की मात्र पटकन मेले), आणि मायटोकॉन्ड्रियातलं (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातलं) एकटं एसओडी-2 काढलं तर चक्क जास्त जगले! पॅराक्वाट या तणनाशकाच्या अगदी कमी डोसनेही आयुष्य वाढलं, माणसाला ते जहाल विष आहे, उगाच कोणी प्रयोग करू नका. म्हणजे थोडे रॅडिकल्स हा पेशीला सिग्नल असतो, ती स्वतःची डागडुजी सुरू करते.

कृमी म्हणजे माणूस नाही, मान्य. पण आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत या कृमीवर काम चालतं, तुमचा एखादा वार्ताहर पाठवा की तिकडे, गोळ्यांच्या जाहिराती काय रोजच असतात.

- एक वाचक, मुलुंड