ग्रुपवर रोज सांगतो ते एका जागी लिहून का ठेवत नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

द्राक्षाची फळछाटणी, म्हणजे घड यावेत म्हणून करतात ती छाटणी, तोंडावर आलीय. म्हणजे आता निफाड, दिंडोरी, तासगाव, पंढरपूर, जुन्नर, सगळीकडचे बागायतदारांचे व्हॉट्सॲप ग्रुप पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत वाजायला लागणार. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात जास्तीत जास्त 1024 माणसं बसतात आणि आमचे मोठे ग्रुप तिथवर भरत आलेले असतात, त्यातली निम्मी जरी बोलायला लागली तरी दिवसाला किती मेसेज होतात ते तुम्हीच बघा. सीझन सुरू झाल्यावर कोणाला वेळ नसतो म्हणून छाटणीच्या आधीच हे लिहितोय, छापलंत तर बरं होईल.

आधी हे सांगतो की मी या ग्रुपांच्या विरोधात अजिबात नाही. उलट आमच्यासारख्या लहान बागायतदाराला त्यांचा फार आधार आहे. पानाचा फोटो टाकला की दहा मिनिटांत कोणीतरी सांगतं, पान उलटं करून बघ, वर तेलकट डाग आणि खाली पांढरी बुरशी असेल तर डाऊनी रोग, वरूनच राख भुरभुरल्यासारखं दिसत असेल तर भुरी रोग. हे सांगणारा माणूस तीस वर्षं बाग करतोय आणि त्याचा एक पैसा घेत नाही, हे शिक्षण कुठल्या कॉलेजात मिळणार?

पण संध्याकाळपर्यंत तो मेसेज गायब. म्हणजे डिलीट नाही होत, पण त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा, विकायला काढलेला ट्रॅक्टर, राजकारण, कोणाच्या तरी घडांचे फोटो, सगळं येऊन पडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच फोटो, तोच प्रश्न, दुसऱ्या गावावरून. तो जाणकार माणूस एकदा सांगतो, दोनदा सांगतो, तिसऱ्यांदा "वर बघा" एवढंच लिहितो आणि मग गप्प बसतो. आमच्या ग्रुपातली किती तरी चांगली जाणती माणसं अशीच गप्प झालीत आणि त्यांची जागा ज्यांना फार बोलायची हौस आहे त्यांनी घेतली. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण यात नुकसान नव्या पोरांचं होतंय.

बरं, सर्च करायचं म्हटलं तर काय सापडणार? "डाऊनी" टाकलं तर शेकडो मेसेज निघतात, त्यातला कुठला गेल्या वर्षीचा, कुठला कालचा, कुठला सांगलीचा कुठला नाशिकचा काही कळत नाही. व्हॉट्सॲपवर आपला स्वतःचा मेसेज सुद्धा 15 मिनिटांपर्यंतच एडिट करता येतो आणि दुसऱ्याचा तर येतच नाही, पिन केला तर जास्तीत जास्त 30 दिवस राहतो, स्टार केला तर तो फक्त आपल्यालाच दिसतो. म्हणजे चार जणांनी मिळून एक माहिती लिहावी, पुढे पाचव्याने तिच्यात दुरुस्ती करावी अशी सोयच तिथे नाही. ती जागा बोलण्यासाठी आहे आणि बोलायला ती उत्तम आहे. लिहून ठेवायला दुसरी जागा पाहिजे, एवढंच माझं म्हणणं आहे.

का पाहिजे ते एका उदाहरणाने सांगतो. ग्रुपवर मेसेज फिरतो, "अमुक पावडर 500 ग्रॅम, रिझल्ट एक नंबर". बास, एवढंच. किती पाण्यात ते नाही. ज्याने लिहिलं त्याचा 200 लिटरचा ड्रम असतो, त्याच्या डोक्यात तेच असतं. वाचणाऱ्याकडे ट्रॅक्टरचा ब्लोअर, 600 लिटरची टाकी. एकाला लिटरमागे अडीच ग्रॅम पडतं आणि दुसऱ्याला एक ग्रॅमही पडत नाही, आणि मग दुसरा ग्रुपवर येऊन सांगतो की औषध बोगस आहे. यावर दोन दिवस भांडण. खरं तर मूळ मेसेजमध्ये "200 लिटरला" एवढे शब्द कोणीतरी टाकले असते तर विषय मिटला असता, पण ते दुसऱ्याला टाकताच येत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक मोठ्या ग्रुपने एक गूगल डॉक नाहीतर शीट उघडावी, तिची लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाकावी (ती तिथून हलत नाही) आणि चर्चेतून जे जे नक्की होतं ते तिथे लिहावं, सगळ्यांनी मिळून. विकिपीडियावर हेच चालतं, आपल्या मराठी विकिपीडियावर सुद्धा 2003 पासून चालू आहे. लेख एका पानावर आणि त्याच्याबद्दलची चर्चा, वादावादी शेजारच्या वेगळ्या पानावर, आणि कोणी काय बदललं याचा पूर्ण इतिहास कोणालाही बघता येतो. गूगल डॉकमध्येही व्हर्जन हिस्ट्री असते, कोणी येऊन खोडसाळपणा केला तर दोन मिनिटांत जुनं परत आणता येतं, त्यामुळे "कोणीही काहीही लिहील" ही भीती वाटते तेवढी मोठी नाही.

आता हे मांडायचं कसं, यावर मी खूप विचार केलाय आणि इथे जरा सविस्तर लिहितो कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. लोक पहिल्यांदा विषयवार करतात, रोग, किडी, खतं, पाणी. वाचायला छान दिसतं पण रात्री नऊ वाजता मोबाईल हातात घेतलेला माणूस तसा विचारच करत नाही. त्याच्या डोक्यात असतं, "माझी बाग आज अठरा दिवसांची आहे, आभाळ आलंय, उद्या काय करू". आपण बागायतदार बागेचं वय छाटणीपासूनच मोजतो ना, मग डॉकपण तसाच लावा. तारखेने लावून चालणार नाही, कारण बागलाणात अर्ली छाटणारे पावसाळ्यातच छाटतात आणि निफाडला ऑक्टोबर उजाडतो, एकाची बाग फुलोऱ्यात असते तेव्हा दुसऱ्याने कात्रीसुद्धा लावलेली नसते. छाटणीनंतरचे दिवस आणि अवस्था, म्हणजे पोंगा (डोळे फुटतात तेव्हा), पोपटी (कोवळी पोपटी फूट), फुलोरा, सेटिंग (मणी धरणं), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), पाणी उतरणं (मणी मऊ पडू लागणं), काढणी, अशा ओळी पाडल्या की कुठल्याही तालुक्यातल्या माणसाला आपली ओळ लगेच सापडते.

आणि प्रत्येक नोंदीसोबत गाव, वाण, खुंट, म्हणजे ज्या मुळावर कलम केलंय तो, कुठला (डॉगरिज खुंट का वेल स्वतःच्या मुळावर), जमीन भारी का हलकी, आणि आठ दिवसांनी काय झालं, हे आलंच पाहिजे. शेवटचं तर सगळ्यात महत्त्वाचं. काय मारलं ते सगळे सांगतात, पुढे काय झालं ते कोणी सांगत नाही. थॉमसन या हिरव्या वाणाचं जीएचं (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचं) शेड्यूल कोणीतरी काळ्या वाणावर उचलून मारतं आणि मण्यांची वाट लागते, कारण मेसेजमध्ये वाणाचं नावच नव्हतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना एडिट करायला अजिबात उघडी ठेवायची नाही, ती म्हणजे औषधाचं प्रमाण आणि पीएचआय, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते. हे अनुभवाने ठरत नसतं. पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र औषधांची यादी काढतं आणि वेळोवेळी सुधारतं, त्या यादीची लिंक द्यावी, कुठल्या तारखेची यादी आहे ते लिहावं आणि तो भाग वेगळ्या फाईलमध्ये, बाकीच्यांना फक्त वाचता येईल असा ठेवावा. 2010 साली क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखायला मारतात आणि आपण ज्याला सीसीसी म्हणतो, त्याच्या अंशावरून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले होते, त्या वर्षी काय हाल झाले ते ज्यांनी भोगलं त्यांना विचारा. एका चुकीच्या ओळीवर विसंबून शंभर जणांनी फवारलं तर ते शंभर जणांपुरतं राहत नाही, अख्ख्या भागाचं नाव जातं. त्यामुळे इथे लोकशाही नको, साफ सांगतो.

शिळी माहिती काढून टाकणं हे सुद्धा लिहिण्याइतकंच मोठं काम आहे. 2021 च्या एप्रिल-मे मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पोरांनी बेड आणि ऑक्सिजनच्या शीट बनवल्या होत्या, आठवत असेल सगळ्यांना. ज्या शीटमध्ये नंबरापुढे "व्हेरिफाइड, दुपारी 4" असं लिहिलेलं असायचं त्याच कामाला आल्या, बाकीच्यांमधल्या नंबरांवर लोक नुसते फोन लावत बसले. आपल्याकडे जीवन-मरणाचा प्रश्न नसेल तेवढा, पण "मजूर टोळी आहे, फोन करा" ही नोंद डिसेंबरात चालते आणि फेब्रुवारीत चालत नाही. काही नोंदी आठवडाभराच्या, काही सीझनच्या आणि काही कायमच्या, हे त्या त्या नोंदीपुढेच लिहून टाकावं म्हणजे काढणाऱ्याला विचारत बसावं लागत नाही.

26 नोव्हेंबर 2023 ला आमच्याकडे गारपीट आणि अवकाळी झाली तेव्हा हे फारच जाणवलं. सगळ्या ग्रुपांवर नुसते फोटो आणि व्हिडिओ, दुःख मोठं होतं, माणसं रडत होती, ते साहजिकच आहे. पण त्याच वेळी जखमी घडांवर पहिली फवारणी कशाची, पंचनाम्याला काय काय दाखवायचं, विम्याचं कुठे आणि कसं कळवायचं (त्याची मुदत तासांत मोजतात!) हे प्रश्न पुन्हा पुन्हा येत होते, उत्तरंही येत होती आणि फोटोंच्या खाली गाडली जात होती. ती सगळी उत्तरं एका पानावर आधीच लिहिलेली असती तर कोणाला स्क्रोल करत बसायची गरजच पडली नसती. असं पान शांत दिवसांतच तयार करावं लागतं, गारा पडत असताना कोणी लिहीत नाही.

लोक विचारतात की हे करणार कोण. माझ्या मते प्रत्येक ग्रुपात चार-पाच जण नेमावेत, वेगवेगळ्या तालुक्यांतले, त्यात एक तरी बाई असावी कारण डिपिंगची आणि विरळणीची (घडातले जास्तीचे मणी काढण्याची) खरी माहिती बायांनाच असते आणि ग्रुपवर त्या कमी बोलतात. वयस्कर मंडळी टाईप करत नाहीत, व्हॉइस मेसेज टाकतात, तर त्यांचं ऐकून कॉलेजातल्या पोराने ते लिहून काढावं आणि पुढे त्यांचं गाव टाकावं. त्यांना परत वाचून दाखवावं म्हणजे "मी असं म्हणालोच नव्हतो" असं होत नाही. नेमलेली माणसं दर वर्षी बदलावीत, नाहीतर डॉकचा मालक तयार होतो आणि बाकीचे हात काढून घेतात.

दोघांचं पटलं नाही तर? पटत नाहीच बऱ्याचदा. डिपिंग एकदा का दोनदा यावरून आमच्याकडे मित्रांचं बोलणं बंद झालंय. तिथे दोन्ही मतं लिहावीत, कोणाच्या कुठल्या जमिनीत काय आलं त्यासकट, वाचणारा आपली जमीन बघून ठरवेल. खोडाखोडी करायची नाही.

औषधाचं नाव टेक्निकल नावानेच लिहावं, ब्रँडने नाही, नाहीतर महिन्याभरात डॉकची जाहिरात होऊन बसते. कंपनीच्या किंवा दुकानाच्या माणसाला लिहायचं असेल तर जरूर लिहू दे, त्यांच्यातही चांगले जाणकार आहेत, पण आपण कोणाचे ते सांगून लिहावं. आणि सल्लागारांची पैसे देऊन घेतलेली शेड्यूलं उचलून इथे चिकटवू नयेत, ती त्यांची रोजीरोटी आहे. आपल्या अनुभवाचंच एवढं आहे की ते लिहिता लिहिता सीझन संपेल.

संपादक साहेब, तुमच्याकडे दोन विनंत्या आहेत. तुमच्या शेतीच्या पानावर फळछाटणीच्या आधी एकदा आणि खरड छाटणीच्या (काढणीनंतर उन्हाळ्यात करतात तिच्या) आधी एकदा, अशा ग्रुपांनी मिळून तयार केलेली एखादी नोंद कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा संशोधन केंद्राच्या तज्ज्ञाकडून तपासून छापा. छापून येणार आहे म्हटलं की लिहिणारे काळजीने लिहितात आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याच्याही हातात ती माहिती पडते. दुसरं, डाळिंबाच्या, कांद्याच्या, दुधाच्या ग्रुपांवर कोणी हे आधीच करत असेल तर त्यांनी त्यांची पद्धत तुमच्याकडे लिहून पाठवावी असं आवाहन करा. डाळिंबवाल्यांना तेल्या आणि मर या रोगांनी इतकं छळलंय की त्यांच्याकडे आमच्यापेक्षा चांगली सोय नक्की असणार, आम्हाला ती शिकायची आहे.

आमच्या ग्रुपात या छाटणीपासून सुरुवात करायचं ठरलंय. पोंगा ते पोपटी एवढ्याच ओळी आधी भरायच्या, कारण पावसात डाऊनी तिथेच येतो आणि प्रश्नही सगळ्यात जास्त तिथलेच असतात. बाकीच्या ओळी बाग पुढे सरकेल तशा.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक