भट्टीवाल्या दादांना जाहीर पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात देता आलं असतं. पण तुम्ही ते न वाचताच एप्रनच्या खिशात कोंबलं असतंत आणि वर "त्यात काय एवढं" म्हणाला असतात. म्हणून चारचौघांत लिहितेय. शिवाय विद्यापीठाच्या कला विभागानं रूपांतर या विषयावर जी मालिका केली, तिच्या पत्रिकेवर वक्त्यांची नावं आहेत, कलावंतांची आहेत, ध्वनिव्यवस्था कोणाची तेही आहे. मातीची भांडी भाजायची भट्टी कोणी सांभाळली, ते नाही. मला ते खटकलं.

मी विद्यापीठाची कोणी नाही. सगळे कार्यक्रम खुले होते, तरी पहिल्या दिवशी दारात पाय अडखळलाच. ते पहिलं व्याख्यान फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँवर होतं. १९१७ साली त्यानं दुकानातून आणलेलं मुतारीचं भांडं आडवं ठेवलं आणि कलाकृती म्हणून प्रदर्शनाला धाडलं, त्याबद्दल. पुढच्या आठवड्यात सायनोटाइप केलं. लोहाचे क्षार लावलेल्या कागदावर पान ठेवायचं, ऊन द्यायचं, पाण्यात धुवायचं, की पानाची पांढरी आकृती निळ्यात उमटते. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेलनं ही रीत १८४२ मध्ये शोधली. दोन्ही आवडलं, पण जीव रमला तो तळमजल्यावरच्या तुमच्या मातीत.

तिथं तुम्ही व्याख्यान वगैरे दिलं नाहीत. एक वाळलेली कच्ची वाटी उचललीत आणि पाण्याच्या बादलीत सोडलीत. बुडबुडे आले, काठ ढासळला, आणि बघता बघता तळाशी नुसता चिखल उरला. शेजारी भाजलेली वाटी ठेवली होती, ती तशीच. "सहाशेच्या पुढं गेली की परत माती होत नाही," एवढंच बोललात. मातीच्या कणांत रासायनिक रीतीनं बांधलेलं पाणी त्या तापमानापर्यंत निघून जातं, हे मला नंतर वाचून कळलं.

आता माझ्या पराक्रमाकडे वळते. प्रदर्शन तोंडावर आलं होतं आणि माझी सुरई जाड बुडाची, वरून कोरडी, आतून ओली. फळीवर तुमच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'ओली भांडी ठेवू नयेत'. तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात. मी ती वाळलेल्या भांड्यांच्या रांगेत सरकवून दिली. कोणाला कळणार होतं?

भट्टीला कळलं. पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा मागते, आणि जाड बुडातून तिला निघायला वाट मिळत नाही. लोक मातीत अडकलेल्या हवेला दोष देतात. मीही आधी तोच दिला. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "हवा नाही ताई, पाणी." भट्टी उघडली तेव्हा सुरईचे तुकडे सगळीकडे पसरले होते आणि आणखी तिघांची भांडी फुटली होती.

तुम्ही ओरडला असतात तर मी रडून घरी गेले असते आणि पुन्हा कधी आले नसते. तुम्ही मला ब्रश आणि सुपली दिलीत. मग म्हणालात, "त्या तिघांना तुम्हीच सांगा." मी सांगितलं. त्यातल्या एका मुलानं बराच वेळ माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि ते बरोबरच होतं. तुम्ही मात्र दोन संध्याकाळी जादा थांबून त्या तिघांची नवी भांडी भाजलीत. ५७३ अंशांवर मातीतल्या गारगोटीचे (क्वार्ट्झचे) स्फटिक एकदम फुगतात, थंड होताना त्याच आकड्याला आकसतात, म्हणून तिथं घाई करायची नाही. हे सांगताना तुमची नजर आकड्यांवरून हलली नव्हती. मी भट्टीचं झाकण किंचित उघडून बघू का विचारलं, तर पहिल्यांदा तुमचा आवाज चढला.

फुटक्या तुकड्यांचं काय करायचं, यावर प्रत्येकानं मला जपानी पद्धत सुचवली, सोन्यानं सांधायची. मलाही ते फार काव्यमय वाटलं. तुम्ही तुकड्यांकडे एकदा पाहिलंत आणि म्हणालात, "याचं ग्रॉग होईल." मास्क लावायला लावलात, तुकडे पोत्यात घालून हातोडीनं कुटायला लावलेत, मग चाळणीतून काढायला. ती भाजलेली भुकटी, म्हणजेच ग्रॉग, तुम्ही ओल्या मातीत मळलीत. अशी माती कमी आकसते, आणि तिच्यातल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाटा सापडतात. माझी सुरई ज्यामुळे फुटली, नेमकं तेच आता दुसऱ्यांच्या भांड्यांत टळणार होतं. व्याख्यानांमधून रूपांतर हा शब्द मी शंभरदा ऐकला असेल. मला तो कळला त्या पोत्यापाशी, आणि तेव्हा हात भरून आले होते.

मालिका संपली. तुमची भट्टी चालूच असेल. कालच मी त्याच मातीचा एक वाडगा फळीवर डाव्या टोकाला ठेवून आलेय. तीन आठवडे सावलीत वाळवलाय. तुम्ही शिकवलंत तसा गालाला लावून पाहिला, गार लागला नाही. तरी भट्टीत जाण्याआधी तुम्हीही एकदा लावून बघा.

तुमची,
सुरईवाली ताई