बक्षीस पाठांतराला, मग समजेला कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी लागली की नाशिकमधल्या ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) मुलांच्या बायबल शाळा भरतात. शेवटच्या दिवशी बक्षीस कुणाला, तर ज्याची बायबलमधली सर्वांत जास्त वचने (आकडे घातलेली वाक्ये) पाठ त्याला. पाठांतराला आमचा विरोध नाही. पण सुटे तोडलेले वचन मुलाच्या मनात भलताच अर्थ घेऊन बसते. दहावीला बसणाऱ्या मुलाला बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातले ४:१३ (अध्याय ४, वचन १३) हमखास लिहून देतात. सामर्थ्य देणाऱ्याच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, हे ते वचन. त्याच्या आधीच्या दोनच वचनांत हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की भूक असो वा भरपूर असो, आहे त्या स्थितीत राहायला मी शिकलो आहे. आणि हे तो बंदिवासातून लिहितो! ते न वाचलेल्या मुलाला वचन म्हणजे गुणांची हमी वाटते, आणि गुण कमी पडले की देवाने शब्द मोडला असे वाटते. याचे आम्हाला फार वाईट वाटते. वचने अशी सुटी तोडणारे आकडे मूळ लिखाणात नव्हतेच. नव्या कराराला आजचे आकडे पडले ते १५५१ साली.

म्हणून एका तासाला एकच उतारा घ्यावा, दहा-बारा वचनांचा. आधी शिक्षकाने सलग मोठ्याने वाचावा, मग मुलांनी पात्रे वाटून घेऊन. तिसऱ्या वाचनात अडणाऱ्या शब्दांवर थांबावे. 'जकातदार' घ्या. आजच्या मुलांनी जकात नाका पाहिलेलाच नाही. परक्या रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा तो जकातदार, हे कळल्याशिवाय येशू त्यांच्या पंक्तीला बसला तेव्हा परूशी (धर्मनियम कडक पाळणारे यहुदी) का चिडले, हे कसे कळणार? मग प्रश्न, याच क्रमाने : इथे काय घडले, त्याचा अर्थ काय, आपण काय करायचे. बहुतेक वर्गांत तिसरा प्रश्नच आधी येतो आणि मुले 'प्रार्थना करायची, खोटे बोलायचे नाही' असे ठरलेले उत्तर देऊन मोकळी होतात.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो; तो उतारा शिकवायला तर नाशिकसारखी जागा नाही. दिंडोरी-निफाडकडच्या मुलांना छाटणी समजावून सांगावी लागत नाही. एप्रिलच्या छाटणीनंतर फुटलेला एक हिरवा फुटवा तोडून वर्गात टेबलावर ठेवावा (नुकतेच औषध फवारलेल्या बागेतला नको). मेच्या उन्हात तास संपेपर्यंत त्याची पाने माना टाकतात. तेव्हा वेलापासून तुटलेला फाटा वाळतो हे सहावे वचन वाचावे, आधी नाही. मात्र एक जपावे. आपल्याकडे वेलाची छाटणी वर्षातून दोनदा, एप्रिलला आणि ऑक्टोबरला. येशूच्या देशात वेल थंडीत झोपतो आणि मुख्य छाटणी एकदाच होते. आपल्या दोन छाटण्यांना दोन आध्यात्मिक अर्थ चिकटवू नयेत. उताऱ्यात ते नाहीत.

सहा वर्षांची आणि चौदा वर्षांची मुले एका वर्गात बसवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

आयोजकांना विनंती, यंदा एक बक्षीस असे ठेवा : मुलाने बायबल मिटून उतारा आपल्या शब्दांत सांगायचा, आणि त्याच्या आधी काय येते व नंतर काय येते तेही. एका मुलाला तीन मिनिटे पुरतात.

शब्बाथशाळेच्या काही शिक्षिका,
शरणपूर, नाशिक