भंगारवाल्याला बोलवायच्या आधी

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर आपलं जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाणी कितव्या दिवशी आलं यातच सगळा वेळ जातो आणि मग सईला आजीशी बोलायचं असतं, म्हणून लिहायलाच बसले. दादाकडून कळलं की जुळे सोलापूरच्या फ्लॅटवर जायचं आता नक्की झालंय आणि साखर पेठेतल्या घराचा माळा उतरवायला घेतलाय, पितळ-तांबं किलोवर जाणार, बाकीचं भंगारवाला असंच उचलून नेणार. माझं काही अडवायचं नाही. लिफ्टमधून पाटा-वरवंटा चढवून ठेवणार कुठं, तिथं ओटा केवढा ते मी बघितलंय. फक्त द्यायच्या आधी मला थोडा वेळ द्या. मला त्या वस्तू नकोयत, त्या वस्तूंशी तुम्ही कसं वागायचा ते हवंय, कारण पितळेचं पातेलं मला इथं पुण्यात पण दुकानात मिळतं (आता शोभेला म्हणून दुप्पट भावानं विकतात) पण त्यात ताक ठेवायचं की नाही हे सांगणारं माणूस मिळत नाही.

कल्हईचंच घ्या. गल्लीत कल्हईवाला बसला की आई तू घरातली भांडी घेऊन जायचीस आणि मी मागोमाग, तो भाता मारायचा, कोळसा लाल झाला की भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकली की पांढरा धूर भसकन यायचा आणि तो खोकला काढणारा वास, मग कथलाची कांडी टेकवून कापसानं झरझर फिरवलं की काळं पडलेलं पातेलं आतून चांदीसारखं. सगळी पोरं तेवढंच बघायची. पण तू काय करायचीस ते मी नंतर नंतर बघायला लागले, तू भांडं उजेडात तिरकं धरून काठाच्या आतून बोट फिरवायचीस आणि एखादी जागा सुटली असली की तिथल्या तिथं परत करून घ्यायचीस, कारण तुला माहिती होतं की चिंचेची आमटी नेमकी तिथंच कळकणार. पितळेला आंबट लागलं की तांबं उतरतं आणि पोटात जातं, कथलाचा थर मध्ये असला की ते होत नाही. हे मी कॉलेजात केमिस्ट्रीच्या पुस्तकात वाचलं. तू बोटानं ओळखायचीस. तुला विचारलं तर म्हणालीस, त्यात काय, दिसतं की.

हे "त्यात काय" तुमच्या दोघांच्या तोंडात इतकं बसलंय ना, की माझा खरा राग त्यावर आहे. तुम्हाला वाटतं शिक्षण म्हणजे आम्हा पोरांचं, डिग्र्या-बिग्र्या, आणि तुम्ही जे केलं ते नुसतं घरकाम आणि पोटासाठीची नोकरी. मला ते अजिबात मान्य नाही.

माळ्यावर ती लाकडी मापं असतील, आजीची. शेर, मापटं, चिपटं. सईला मी परवा सांगत होते की दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली आणि सोळा पायल्यांचा मण, तर ती म्हणाली मम्मा हे सगळं दोननं डबलच होतंय की, आणि खरंच की, आजी शाळेत गेली नव्हती पण हा सगळा हिशोब ती तोंडावर करायची, मेट्रिक मापं कायद्यानं येऊन कितीतरी वर्षं झाली होती तरी गावाकडनं पोतं आलं की आजी मापानंच मोजायची. पहिलं माप घालताना एक नाही म्हणायची, "लाभ" म्हणायची, मग दोन, तीन. आणि माप भरताना शीग लावायची की हात फिरवून सपाट करायची हे देणारा कोण, घेणारा कोण त्यावर ठरायचं, शेजारच्या अक्कांना उसनी ज्वारी द्यायची असली की कायम शीग. ही मापं भंगारात देऊ नका आई, एवढी एकच वस्तू मी मागते, बाकी कशाला हात लावणार नाही.

आणि अक्कांवरून आठवलं. त्या दुपारभर दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, पानं भिजवून, कात्रीनं कापून, तंबाखू घालून, दोरा गुंडाळून, आणि बोलताना मान वर असायची, हाताकडे बघायच्याच नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, घरोघरी हेच होतं, पुरुष मागावर आणि बायका विडीवर, तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात. त्या कामाचे मी गोडवे गाणार नाही कारण त्यांची पाठ आणि तो खोकला मी बघितलाय. अक्कांच्या नातीनं वळली नाही एकही विडी, ती नर्स झाली, आणि ते फार चांगलं झालं.

तसंच पाट्याचं. लोक आता पाट्यावरच्या वाटणाची चव म्हणून उसासे टाकतात, पण टाकी लावणारा (छिन्नीनं पाट्याला खाचा पाडणारा) येऊन गेला की पाट्यावर पहिले दोन-तीन दिवस खर, म्हणजे दगडाची बारीक कच, यायची म्हणून आधी तांदूळ वाटून टाकून द्यायचे आणि मग रोज सकाळी आई तू उकिडवी बसून वाटायचीस, तुझे खांदे आज दुखतात ते त्याचंच आहे असं मला वाटतं. मिक्सर आला ते बरंच झालं. रॉकेलच्या रांगा गेल्या ते बरं झालं, स्टोव्हला पिन मारताना भडका उडायचा ते गेलं ते तर फारच बरं झालं.

पण शेंगाचटणी सोडून हं. शेंगाचटणी मिक्सरमध्ये होत नाही ती नाहीच होत, मी किती प्रकारे करून बघितली, कोरडी भुकटी होते नाहीतर एकदम लगदा. उखळात कुटताना दाण्याला तेल सुटतं आणि ते तेल तिखटात, लसणात मुरत जातं, पातं फिरलं की नुसतं कापलं जातं, चेचलं जात नाही. हे मला कळतं. मला जे कळत नाही ते असं की थांबायचं कधी. तू कधी चव बघत नव्हतीस, मुसळाचा आवाज बदलला की थांबायचीस. आवाज कसा बदलतो? सुरुवातीला खणखण आणि मग दबका, एवढं मला आठवतं, पण दबका झाल्या झाल्या थांबायचं का अजून काही घाव घालायचे? उखळ गेलं की हे विचारायला पण जागा राहणार नाही, म्हणून सांगतेय.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचं तर आता कुणी नावच काढत नाही, एसी आले आणि गच्च्यांवर टाक्या आल्या. 43-44 डिग्रीत संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, त्या वाफेचा वास, चादरी अंथरून ठेवायच्या म्हणजे रात्रीपर्यंत गार होतात, माठात वाळा. सगळी गल्ली एका ओळीत झोपलेली आणि कुणाचं बाळ रडलं की पलीकडच्या गच्चीवरनं कुणीतरी औषध सांगायचं. असो, हे आठवणीत राहूदे, याचं काही करता येत नाही.

बाबा, आता तुमच्याकडे येते. दारामागं तो तारेचा आकडा होता ना, आलेली पत्रं टोचून ठेवायचा, खाली लाकडी चकती असलेला, तो अजून आहे का? त्यात आत्याची आंतरदेशीय, काकांची कार्डं, लग्नाच्या हळद लावलेल्या पत्रिका सगळं एकावर एक. कोपरा फाडलेलं कार्ड, म्हणजे कुणी गेल्याची बातमी, मात्र कधी टोचलं नाही, ते दारातच वाचायचं, आंघोळ करायची आणि कार्ड फाडून टाकायचं. मला लहानपणी पोस्टमनच्या हातात कोपरा फाटका दिसला की पोटात गोळा यायचा, वाचता येत नव्हतं तेव्हापासून. 2013 च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा तुम्ही पेपरातली बातमी कापून ठेवली होती, आणि 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट पण स्पीड पोस्टात घातलं, ते वाचून तुम्ही काय म्हणाला असाल याचा मी अंदाज करू शकते. पत्रं टाकू नका. वाळवी लागली असली तरी टाकू नका, मी फोटो काढून घेते.

आणि मुख्य म्हणजे जेकॉर्डची कार्डं, मागावर नक्षी उतरवायची ती भोकांची. दादा म्हणाला दोन गोणपाटाची गाठोडी आहेत आणि रद्दीवाला पुठ्ठ्याच्या भावानं घेतो म्हणतोय. बाबा, प्लीज नको. मला माहितीय ती चादरीची डिझाईनं आता कुणी विणत नाही, आणि आता बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवरच डिझाईन होतं. पण तुम्ही काय करत होता ते मी तुम्हालाच सांगते, कारण तुम्ही कायम म्हणता मी नुसता भोकं पाडायचो. तुम्ही आधी ग्राफ पेपरवर मोराचा एक एक चौकोन रंगवायचा. मग एका आडव्या दोऱ्याला एक कार्ड, त्यात जिथं भोक तिथला उभा दोरा उचलला जाणार आणि जिथं भोक नाही तिथला खाली राहणार, अशी शेकडो कार्डं कापून, दोऱ्यानं ओवून, साखळी करून मागावर चढवायची, मग आडवा दोरा नेणारा धोटा पळायला लागला की कापडावर मोर उतरणार. आणि मोराची चोच वाकडी आली तर तुम्ही ती शेकडो कार्डांची साखळी बोटांखालनं सरकवत नेमकं चुकलेलं कार्ड काढायचा.

हे फ्रान्समधल्या जाकारनं (त्याच्याच नावावरनं जेकॉर्ड) 1804 च्या सुमारास बसवलं आणि तीच भोकांच्या कार्डांची कल्पना पुढं इंग्लंडातल्या बॅबेजनं हिशोबाच्या यंत्रासाठी घेतली, 1890 ची अमेरिकेची जनगणना भोकं पाडलेल्या कार्डांवर मोजली गेली आणि कॉम्प्युटर आल्यावर पण कितीतरी वर्षं प्रोग्रॅम कार्डांवरच लिहायचे. कॉलेजात सर हे शिकवत होते तेव्हा मी हात वर करून सांगितलं होतं की सर, माझे बाबा ही कार्डं कापतात, सोलापूरला, चादरीच्या कारखान्यात. सगळा वर्ग वळून बघायला लागला. सर म्हणाले कधी आलो तर त्यांना भेटायचंय. मला त्या दिवशी इतकं भारी वाटलं होतं, आणि आज मी ऑफिसात कोडमधली चूक शोधत बसते तेव्हा मला तुमची बोटंच दिसतात कार्डांवरनं सरकताना. माझं काम आणि तुमचं काम एकच आहे बाबा, फक्त माझ्या कामाला लोक इंजिनिअर म्हणतात आणि तुमची पेन्शन किती आहे ते आपल्या दोघांनाच माहिती.

आजोबा जुन्या मिलमधले, 1877 ची मिल, त्यांच्याबद्दल मला एवढंच माहिती की ते भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जेवायचे आणि घरात घड्याळ नव्हतं. बास. त्यांच्या हातात काय कसब होतं, कुठल्या खात्यात होते, दोरा तुटला तर गाठ कशी मारायचे, कुणी विचारलंच नाही, आणि आता ते कुणाला सांगता येणार नाही. आता चिमण्या पण गेल्या, मिल म्हणजे काय हे सोलापूरच्या पोरांना माहीत नाही. मला तुमच्या दोघांचं असं होऊ द्यायचं नाहीये.

तर मी असं ठरवलंय, बघा पटतंय का. शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं मी आणि सई येतो. माळ्यावरचं एक एक खाली काढायचं, आणि जे निघेल ते कसं वापरायचं ते तुम्ही करून दाखवायचं, सई मोबाईलवर व्हिडिओ काढेल, तिला ते छान जमतं. आई, शेंगा आणून ठेव, उखळ शेवटचं एकदा धुवून घे. बाबा, तुम्ही एक साखळी सोडवून सईला कार्ड वाचायला शिकवा, ग्राफ पेपर मी इथून आणते, तुम्ही तिला तिच्या नावाचं डिझाईन काढून द्या, म्हणजे स आणि ई भोकांत कसं दिसतं ते तिला कळेल. मग भंगारवाल्याला बोलवा, माझी काही हरकत नाही. कार्डांची गाठोडी मात्र मी गाडीत बरोबर आणणार आहे, इथल्या घरात पलंगाखाली जागा आहे, ह्यांना सांगून झालंय.

आणि आई, यायच्या आधी एक गोष्ट आठवून ठेव. कणगीला, म्हणजे धान्याच्या त्या मोठ्या टोपलीला, आतून शेणकाला करून लिंपायचं आणि ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालायचा एवढं मला आठवतं. पण पाला ओला घालायचा का सावलीत वाळवून, आणि आजी वरून राख घालायची ती चुलीतली कुठलीही का नुसती गोवऱ्यांची? मी इथं मालदांडी ज्वारी पोत्यानं घेतलीय आणि तिला आत्ताच किडे लागायला लागलेत. मेसेज टाकला तरी चालेल, दादाला टाईप करायला सांग.

तुमची,
माई