दवाखान्याची फॅट कोण मोजणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वाळवा तालुक्यातल्या एका संकलन केंद्रावर मी एकतीस वर्षं दूध तपासलं. पहाटे पाचला किटल्यांची रांग लागायची आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, ‘फॅट किती लागली?’ गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) हा दराचा पाया. पॉइंट खाली आला की दर खाली. स्लिप हातात पडायची आणि शेजाऱ्याची स्लिप बघून लोक भांडायचेसुद्धा. पण त्याच भांडणातून पेंड बदलली जायची, किटली घासली जायची.

परवा दवाखान्याच्या बाकावर बसलो असताना भिंतीवरचा दरफलक वाचत होतो. राज्य सरकारनं २०२१ च्या जानेवारीत नियम दुरुस्त करून खासगी रुग्णालयांना दर आणि रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितली, त्यातला तो फलक. खोलीभाडं इतकं, ऑक्सिजन इतका. चांगलंच आहे. पण मला वाटलं, इथं दर लिहिलाय, फॅट कुठं लिहिलीय?

हे वाटण्याला कारण घरातलं आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळींचा डावा गुडघा बदलला. ऑपरेशनआधी मी डॉक्टरांना विचारलं होतं, ‘साहेब, वर्षाला असे किती गुडघे करता? त्यातले किती बिघडतात?’ ते हसून म्हणाले, ‘काका, टेन्शन घेऊ नका.’ मग समुपदेशक मुलीनं फाइल उघडून साधा सांधा, भारी सांधा आणि एक सोनेरी रंगाचा सांधा असे तीन दर दाखवले. आम्ही मधला घेतला. दोन लाख दहा हजार. बाराव्या दिवशी टाक्यांच्या खालच्या टोकाला मुगाएवढं तोंड पडलं आणि पाणी झिरपायला लागलं. ‘ड्रेसिंग करत राहा’ या सल्ल्यात दीड महिना गेला. शेवटी कोल्हापुरात दुसरीकडे गुडघा पुन्हा उघडला, बसवलेला सांधा काढला, औषध मिसळलेलं सिमेंट भरून दोन महिने ठेवलं आणि मग नवा सांधा बसवला. सगळा हिशोब सहा लाखांच्या पुढं गेला. पतसंस्थेचा हप्ता अजून चालू आहे.

जंतुसंसर्ग कुणाच्याही हातून होऊ शकतो, हे मला कळतं. पण त्या दवाखान्यात तो शंभरात एकाला होतो की दहाला, हे मला आधी कळायला काय हरकत होती? २०१७ मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली, त्याचा आम्हालाही फायदा झाला. पण सांधा स्वस्त झाला म्हणून बिघडलेलं ऑपरेशन स्वस्त पडत नाही. घरं बुडतात ती दुसऱ्या ऑपरेशनला.

स्वीडनमध्ये बदललेल्या गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ पासून ठेवतात. इंग्लंडमध्ये २००३ पासून आहे आणि तिथं कोणत्या रुग्णालयाचा निकाल कसा, हे सामान्य माणसालाही बघता येतं. डेप्यू कंपनीचा एएसआर नावाचा खुब्याचा सांधा लवकर निकामी होतोय, हे ऑस्ट्रेलियाच्या अशाच नोंदवहीत दिसलं. तिथं तो २००९ मध्ये बंद झाला, पुढच्या वर्षी जगभरातून परत मागवला. आपल्या देशात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला होता. त्यातल्या बहुतेकांचा पत्ताच लागला नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांपाशी हा विषय काढला. भला माणूस. म्हणाले, ‘काका, दूध आणि माणूस एक नाही. उद्या आकडे लावले तर शुगर वाढलेला, सत्तरीतला पेशंट कुणी हातात घेणार नाही.’ म्हणणं खोटं नाही. पण म्हशीच्या दुधाला गाईचा चार्ट आम्हीही लावत नव्हतो. न्यूयॉर्क राज्यानं १९८९ पासून बायपासचे आकडे गोळा केले, तेव्हा रुग्णाचं वय, हृदयाची ताकद, आधीचे आजार हे सगळं धरूनच तुलना केली. तरीही काही सर्जन अवघड रुग्ण टाळतात अशी तक्रार झालीच, ती लपवण्यात अर्थ नाही. मात्र असा हिशोब करूनही तिथलं मृत्यूचं प्रमाण १९९२ पर्यंत ४.१७ टक्क्यांवरून २.४५ वर आलं.

त्यातली ऑल्बनीच्या सेंट पीटर्स रुग्णालयाची गोष्ट मला फार आवडते. त्यांचा आकडा वाईट निघाला. आधी सगळ्यांना वाटलं, आकडाच चुकीचा. मग केसपेपर काढून बसले, तेव्हा दिसलं की ठरवून केलेल्या ऑपरेशनांत काही वावगं नाही. तातडीनं घेतलेल्यांत मात्र चारातला एक दगावतोय. सर्जनचे हात चांगले होते, घाई नडत होती. रुग्णाला आधी स्थिर करून मग टेबलावर घ्यायला लागले. पुढच्या वर्षी तातडीच्या रुग्णांत एकही मृत्यू नाही. आकडा आला नसता, तर हे त्यांना तरी कसं कळलं असतं?

आपल्याकडे आकडे अगदीच नाहीत असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झाली, सरकारीत १४.३ टक्के. पण ही टँकरची सरासरी झाली. कुठली किटली नासकी, हे त्यावरून कळत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तर प्रत्येक अँजिओप्लास्टीचं बिल रुग्णालयाच्या नावासकट सरकारकडे जातं. कोणत्या रुग्णालयात किती केल्या आणि त्यातले किती रुग्ण महिन्याच्या आत पुन्हा दाखल झाले, एवढं तरी वर्षातून एकदा जाहीर करा. सुरुवात तिथून होऊ द्या. आणि रुग्णालयानं स्वतःच लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. एसएनएफ वाढवायला दुधात युरिया घालणारे मी पाहिलेत. न्यूयॉर्कमध्येही नमुन्यादाखल केसपेपर तपासतात.

आता मंडळींचा उजवा गुडघा कुरकुरतोय. गावातले डॉक्टर एक नाव सुचवतात, मेहुणे दुसरं, रिक्षावाला तिसरं. यातल्या कुणाला कुठून कट मिळतो देव जाणे. मी तिन्ही ठिकाणी जाऊन तोच प्रश्न विचारला. दोघांनी पॅकेजचा कागद दिला. तिसऱ्या डॉक्टरांनी वही मागवली, पानं उलटली आणि म्हणाले, ‘मोजलं नाही कधी. पुढच्या सोमवारी या, मोजून सांगतो.’ सोमवारी आम्ही दोघं जाणार आहोत.

आपला,
एक निवृत्त दूध तपासनीस
ता. वाळवा, जि. सांगली