रस्त्याने जाणाऱ्याने कोणती काळजी घ्यायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीत फटाक्यांनी जखमी झालेल्यांची बातमी आपल्या कालच्या अंकात वाचली. खाली दरवर्षीची चौकट होतीच : सुती कपडे घाला, पाण्याची बादली जवळ ठेवा, लहान मुलांना एकटे सोडू नका. सल्ला चांगला आहे, पण तो सगळा फटाके उडवणाऱ्याला. जो आपल्या वाटेने चालला होता त्याने काय करायचे आणि त्याला इजा झाली तर भरपाई कोणी द्यायची, याबद्दल एक ओळ नाही.

मागच्या लग्नसराईत माझा नववीतला भाचा क्लास सुटल्यावर घरी निघाला होता. समोरून नवरदेवाची मिरवणूक आली म्हणून सायकलवरून उतरून कडेला उभा राहिला. बँडच्या पुढे थंड्याच्या रिकाम्या बाटलीत रॉकेट लावलेले. वात पेटली आणि नाचणाऱ्या कोणाचा तरी पाय बाटलीला लागला. बाटली आडवी झाली आणि रॉकेट सरळ पोराच्या डाव्या डोळ्यावर आले. बुबुळ फाटले, डोळ्यात रक्त साकळले. अमळनेरसारख्या शहरात रात्री डोळ्यांचा डॉक्टर मिळू नये, हे आणखी एक दुखणे. त्यावर आपण कधी लिहिणार? जळगावला पोहोचेपर्यंत मोलाचा वेळ गेला. आज त्या डोळ्याला उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

यजमान भेटायला आले. "आबा, लग्नाचं घर आहे, पोराच्या नशिबात होतं, वाढवू नका," म्हणाले आणि पाकीट पुढे केले. माझ्या बहिणीने त्याला हात लावला नाही. पोलिसांकडे गेलो तर तिथेही तेच : मिटवून घ्या, पेटवणारा कोण हे तुम्ही सांगू शकता का? लग्नाचे शूटिंग करणारा कॅमेरा घेऊन तिथेच उभा होता. त्याचे चित्रीकरण कोणी मागितलेसुद्धा नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम २८८ नेमके यासाठीच आहे. स्फोटक पदार्थ निष्काळजीपणे हाताळला तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीची वाट न पाहता पोलीस तपास करू शकतात. निष्काळजी कृत्याने गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मग नशिबाच्या गोष्टी आम्हाला का ऐकवतात?

त्याच पोराला मोटारसायकलने उडवले असते तर गाडीचा विमा सक्तीचा आहे, भरपाईसाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आहे. रॉकेटने डोळा गेला तर दिवाणी दावा लावा, वकील करा, साक्षीदार गोळा करा. मिरवणुकीतला कोण साक्षीला उभा राहणार? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालासाठी उत्पादकाला धरता येते, पण इथे रॉकेटात दोष नव्हता, लावणाऱ्यात होता. धोकादायक उद्योगातून कोणाचे नुकसान झाले तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही भरपाई द्यावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या वायुगळतीच्या प्रकरणात १९८६ सालीच सांगितले. तो निकाल कारखान्यांपुरता आहे, हे मला कळते. पण भर रस्त्यात, माणसांच्या गर्दीत दारू उडवणाऱ्यालाही तोच नियम लावणारा कायदा व्हायला हवा. मिरवणुकीला परवानगी देताना यजमानाचे नाव लिहून घ्या, विम्याची अट घाला, इजा झाली तर जबाबदार तोच. मंगल कार्यालयवाले खुर्ची मोडली तरी अनामत कापून घेतात.

तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतील, पुन्हा तेच रॉकेट आणि त्याच बाटल्या. माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आपले वार्ताहर आहेत. या दिवाळीत कलम २८८ खाली किती गुन्हे दाखल झाले, हे प्रत्येक पोलीस ठाण्यात विचारून, ठाण्याच्या नावासह छापा.

आपला,
एक वाचक, अमळनेर